टायर जुलैसाठी घ्यायचा

गेल्या शनिवारी माझ्या कावासाकी निंजा मोटरसायकलचा मागचा टायर उतरवला. १३,४०० किलोमीटर झाले होते. दुकानातला पोरगा तो घरंगळत कोपऱ्यात न्यायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. खिशातून खाचेची खोली मोजायचा डेप्थ गेज काढला आणि मधल्या खाचेत तीन ठिकाणी टेकवला. १.९, २.०, १.९. नवा बसवला त्या दिवशी तिथेच ६.६ मिलिमीटर भरले होते. वहीत आकडे लिहिले, तारीख टाकली आणि मग त्याला म्हटलं, ने आता.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर असतो. मोजल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही, आणि ज्या एका वेळी मी न मोजता, न बघता विश्वास ठेवला, तिची किंमत माझ्या बायकोच्या मनगटानं दिली. म्हणून हे सगळं लिहितोय. स्पोर्ट टूरिंग गाडी, म्हणजे लांब पल्ल्याला आरामात जाणारी आणि वळणांवरही चपळ अशी मोटरसायकल, घेऊन आपल्या घाटांतून फिरणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

गाडी २०१८ची निंजा ६५०, सेकंडहँड, २०२१मध्ये घेतली. पुढचा टायर १२०/७० झेडआर १७, मागचा १६०/६० झेडआर १७. गाडी आली तीच गोटा झालेले टायर घेऊन, त्यामुळे पहिलं काम टायर शोधणं. तो काळ वाईट होता. जून २०२०मध्ये नव्या टायरांच्या आयातीवर सरकारी परवान्याचं बंधन आलं होतं आणि मोठ्या गाड्यांचे बरेचसे टायर तर बाहेरूनच यायचे. कोल्हापुरात माझा साइज नव्हता, सांगलीत नव्हता. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात जोडी सापडली. दुकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, टूरिंगचा टायर आहे, कडक रबर. वीस हजार किलोमीटर बघायला नको."

वीस हजार! महिन्यातून एकदा तरी मी पुण्याला जातो, जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर होतात. मी लगेच हो म्हटलं. मागचा एकटा साडेबारा हजाराला पडला, इतरांपेक्षा चार-पाच हजारांनी स्वस्त. टायर बसवताना मी टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळला ते, विचारला, बॅलन्सिंगची वजनं कुठे लावली ते बघितलं, चाकाच्या दिशेचा बाण तपासला. साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूवरची, तारीख मात्र बघितली नाही.

त्या टायरनं हायवेला काहीच त्रास दिला नाही, हे खरं सांगायला हवं. सातारा, कराड, कागल, निपाणी, सगळीकडे सरळ आणि शांत. उन्हाळ्यात अंबोलीला गेलो तेव्हाही ठीक. झीज तर इतकी कमी की मला आनंद व्हायचा.

मग जुलै २०२२. आम्ही दोघं गणपतीपुळ्याहून परत येत होतो. साखरपा सोडलं आणि आंबा घाट चढायला लागलो तेव्हा पाऊस बारीक होता, धुकं खाली उतरलेलं. आमच्या पुढे एक एसटी. मी घाईत नव्हतो. दुसरा गिअर, तीसच्या आसपास. डावीकडचं वळण, चढाचं. वळण संपत आलं, गाडी सरळ करायला थ्रॉटल जरासा, अगदी जरासा दिला, आणि मागचं चाक उजवीकडे निघून गेलं. आधी हललं, मग घसरलं असं काही नाहीच. होतं आणि नव्हतं, एवढाच फरक. गाडी डाव्या कुशीवर गेली, आम्ही दोघं रस्त्यावर. मागून काही येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

बायको उठून बसली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "अहो, तुम्हाला लागलं का?" तिचा डावा हात तिनं उजव्या हातात धरला होता. मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं. चार आठवडे प्लास्टर. तिचं शिवणकाम आहे, आणि श्रावणाच्या आधीचे दिवस म्हणजे तिच्या कामाचे खरे दिवस. ती एका शब्दानं मला बोलली नाही, पण प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून शिलाई मशीनकडे बघत बसायची, ते मला दिसत होतं.

एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून आम्हाला उचलायला मदत केली. मी त्या जागी वाकून रस्ता हातानं चाचपला. डिझेल नव्हतं, शेवाळ नव्हतं, खडी नव्हती. ओला डांबरी रस्ता, बस. कारण गाडीखालीच होतं.

दोन दिवसांनी टायर नीट बघितला. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो, त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३१७ होतं. म्हणजे २०१७च्या जूनमधला. मी नवा म्हणून घेतला तेव्हाच तो चार वर्षांचा होता, पडलो तेव्हा पाच वर्षांचा. एमआयडीसीत माझा एक मित्र रबरी सील आणि बुश बनवतो. त्याच्याकडे शोअर ए मीटर असतो, रबरात सुई टेकवून कडकपणा मोजायचा. त्यानं पाच ठिकाणी टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. ७५, ७६, ७५, ७६, ७६. त्याच्या आवारात एकाची मोटरसायकल उभी होती, सहा महिन्यांपूर्वीचे टूरिंग टायर घातलेली. तिथे टेकवला, ६३. मित्र म्हणाला, "हा टायर नाही रे, हा बुश आहे."

रबर रस्ता धरतं ते दोन तऱ्हांनी. एक म्हणजे चिकटून, आणि दुसरं म्हणजे रस्त्यातल्या बारीक खडीच्या टोकांवर दबून, त्यांच्या फटींत शिरून. रस्ता ओला झाला की चिकटणं जवळजवळ संपतं. उरतं ते दबणं आणि शिरणं. त्यासाठी रबर मऊ राहायला हवं, आणि तेही थंड असताना, कारण पावसाचं पाणी टायरला गरम होऊच देत नाही. जुलैत आंबा घाटात हवा वीस-बावीस अंशांवर असते. माझा कडक, जुना टायर तिथे दगडासारखा खडीच्या टोकांवर बसला होता, फटींत शिरतच नव्हता. मे महिन्यात हायवेला तापून तो काम करत होता, म्हणून मला आठ-नऊ महिने काही कळलंच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. हायवेच्या सरळ धावण्यानं टायर मध्ये चपटा झाला होता, ज्याला आपण स्क्वेअर होणं म्हणतो. मधला पट्टा झिजतो, कडा तशाच राहतात, आणि मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एक धार तयार होते. गाडी झुकवताना आधी जोर लावावा लागतो, मग ती धार ओलांडून एकदम कलते. माझा हात त्याची सवय करून बसला होता. सवय झाली की दोष दिसेनासा होतो; कारखान्यातही हेच होतं, मशीनचा आवाज बदललेला नव्या पोराला कळतो, जुन्या ऑपरेटरला नाही.

तो टायर ७,२०० किलोमीटरला काढला. साडेबारा हजार भागिले ७,२००, म्हणजे किलोमीटरला एक रुपया चौऱ्याहत्तर पैसे. डॉक्टर आणि क्लच लिव्हर वेगळे.

त्यानंतर टायर निवडताना मी प्रश्नच बदलला. आधी विचारायचो, किती किलोमीटर जाईल? आता विचारतो, जुलैत, मागे माणूस बसवून, आंबा नाहीतर गगनबावड्याच्या वळणावर हा काय करेल? तिथे जो उभा राहील, त्यांच्यातून मग जास्त चालणारा निवडायचा. क्रम उलटा लावला की फसगत होते.

आमच्याकडचे रस्ते म्हणजे काय काय आहे, तेही लक्षात घ्यायला हवं. कोकणात उतरलं की जांभ्याची लाल माती पावसात रस्त्यावर पसरते आणि साबणासारखी होते. कळे गावाच्या पुढे गगनबावड्याकडे झाडांची सावली इतकी दाट की श्रावणात रस्त्याच्या कडेला हिरवं शेवाळ धरतं. पाऊस संपला की उसाचा हंगाम. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेला काळा चिखल वळणावळणावर पडलेला असतो आणि ट्रॉलीतून निसटलेले ऊस रस्त्यात आडवे. हायवेला सहापदरीकरणाचं काम चालू, म्हणजे खडी, डायव्हर्जन, खिळे. आणि जिथे काँक्रीट झालंय, तिथे टायर खरवडला जातो. एकाच टायरनं हे सगळं सोसायचं असतं.

ट्रॅकच्या जवळचे जे हायपरस्पोर्ट टायर आहेत, ते मी सोडून दिले. ते उत्तम आहेत, पण त्यांना तापायला लागतं आणि पुण्याच्या सरळ रस्त्यावर त्यांचा मधला भाग बघता बघता संपतो. उरले स्पोर्ट टूरिंग. यातला महत्त्वाचा बदल म्हणजे एकाच टायरमध्ये दोन रबरं. मध्ये टिकाऊ, कडांना मऊ. मिशेलिननं २००७मध्ये पायलट रोड २ या स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये ते आणलं, आता जवळपास सगळे मोठे उत्पादक करतात. दुसरं, सिलिका. नुसत्या काजळीच्या रबरापेक्षा सिलिका मिसळलेलं रबर थंडीत, पाण्यात लवचीक राहतं. आणि तिसरं, खाचा. रुंद खाचा पाणी बाहेर फेकतात, पण मिशेलिनच्या रोड मालिकेत सुरीनं कापल्यासारख्या बारीक चिराही असतात, त्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर फोडतात. रोड ५मध्ये त्या चिरा आत जाऊन रुंद होतात, त्यामुळे टायर झिजला तरी पाण्याला जागा राहते. नव्या टायरचा पाण्यातला जोर सगळेच सांगतात. मला अर्ध्या झिजलेल्या टायरचा हवा होता. म्हणून ऑगस्ट २०२२मध्ये रोड ५ घेतला.

मेट्झेलरचा रोडटेक ०१ मला तितकाच आवडला असता, तेव्हा मागचा साइज मिळाला नाही. पिरेलीचा एंजल जीटी मित्राच्या गाडीवर चालवून बघितला होता, झुकायला फार गोड. (पिरेलीच्याच २००९च्या एंजल एसटीच्या नक्षीत नवा असताना देवदूत दिसायचा आणि झिजत गेला की त्याचा सैतान व्हायचा. मला ती कल्पना अजून आवडते, कारण टायर हळूहळू बदलतो हे ती रोज डोळ्यांसमोर ठेवते.)

यावेळी पैसे देण्याआधी दुकानदाराला तारखेचा फोटो पाठवायला सांगितला. दोन्ही टायर सहा महिन्यांच्या आतले. त्याशिवाय साइज, लोड आणि स्पीडचं अक्षर ताडून बघितलं. मागच्यावर ६९डब्ल्यू. ६९ म्हणजे ३२५ किलोपर्यंत भार, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. तो वेग मला आयुष्यात लागणार नाही. पण दोघं माणसं, दोन्ही बाजूंच्या बॅगा आणि उन्हाळ्यातला हायवे यांना भाराचा आकडा लागतो, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही, एवढं ठरवून टाकलंय. काहीजण मागचा टायर एक साइज रुंद घालतात, दिसायला भरदार म्हणून. रिमची रुंदी तीच राहते, टायर चिमटल्यासारखा उंच होतो आणि गाडी वळायला आळशी होते. करू नका.

रोड ५च्या मागच्या टायरच्या नोंदी अशा आहेत. ५,००० किलोमीटरला मध्ये ४.९ मिलिमीटर. १०,०००ला ३.१. म्हणजे हजार किलोमीटरला साधारण ०.३५. मध्ये एकदा, आठ हजारांच्या सुमाराला, किणीच्या अलीकडे खिळा लागला. पंक्चरवाल्यानं बाहेरून दोरी भरली, तेवढ्यावर घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी टायर उतरवून आतून मशरूम प्लग, म्हणजे छत्रीसारख्या डोक्याचा रबरी प्लग, लावला. दोरीवर महिनोन्महिने फिरणारे लोक आहेत. मला बायको मागे बसलेली असताना ते जमत नाही. भोक मधल्या पट्ट्यात होतं म्हणून ठीक. कडेला किंवा साइडवॉलला असतं तर टायरच बदलला असता.

मागचा रोड ५ साडेसतरा हजाराचा, भागिले १३,४००. किलोमीटरला एक रुपया एकतीस पैसे. गाडी लिटरला बावीस देते, म्हणजे पेट्रोलच किलोमीटरला पावणेपाच रुपयांच्या आसपास जातं. पेट्रोलचे पैसे भरताना आपण हळहळत नाही आणि टायरला चार हजार वाचवायला दुसऱ्या शहरात फोन लावतो. मीही लावलाच होता.

आता हवेबद्दल, कारण चांगला टायर चुकीच्या हवेनं वाया जाताना मी फार बघितलेत. माझ्या गाडीला पुढे ३२, मागे ३६ पीएसआय. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. पंपापर्यंत दहा किलोमीटर गेलात की आकडा दोन-तीननं चढलेला असतो, आणि मग पंपावरचा पोरगा हवा काढतो. स्वतःचा गेज घ्या. मी माझा कारखान्यातल्या कॅलिब्रेट केलेल्या गेजशी ताडून घेतला आहे, आणि शहरातल्या तीन पंपांपैकी एकाचा मीटर चार पीएसआयनं चुकीचा निघाला. पावसात हवा कमी ठेवली की टायर जास्त टेकतो, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. उलट होतं. हवा कमी झाली की टायर दबतो, खाचा मिटायला लागतात आणि पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. पावसातही मी तेच ३२ आणि ३६ ठेवतो.

नोव्हेंबर २०२२मध्ये बायको परत मागे बसली. मी विचारलं नव्हतं, तिनंच हेल्मेट काढून पुसलं. खरी परीक्षा पुढच्या जुलैत झाली. तोच घाट, तसंच धुकं, आणि नेमकं त्याच वळणाला माझे खांदे आपोआप ताठ झाले. थ्रॉटल दिला. मागचं चाक काहीच बोललं नाही. वरती आंब्याला टपरीवर थांबलो, चहा सांगितला, तेव्हा कळलं की पूर्ण घाटभर तिनं माझं जॅकेट मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. कापडाला सुरकुत्या पडल्या होत्या.

तिथून पुढे मात्र तिची मूठ हळूहळू सैल होत गेली. माझ्या वहीत या गोष्टीला रकाना नाही.

माझ्या पुतण्याकडे डॉमिनार ४०० आहे. त्याला माझ्या टायरांचा उपयोग नाही, त्याचे साइज वेगळे, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, दोन्ही १७चे रेडियल. त्याला आपल्याकडचेच टायर मिळतात, ताज्या तारखेचे आणि माझ्या निम्म्या किमतीत, आणि ही फार मोठी सोय आहे. माझ्या साइजमध्येही आता टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड आहे, झिरो डिग्री स्टील बेल्टचा, म्हणजे आत पोलादी तार घेराच्या दिशेनं गुंडाळलेला, रेडियल. व्हर्सिस ६५० चालवणारे आमचे एक स्नेही तो घालून दोन पावसाळे रत्नागिरीला ये-जा करतात आणि खूश आहेत. २०२१मध्ये हा पर्याय माझ्यासमोर असता तर मी २०१७चा टायर घेतलाच नसता.

यावेळी मी रोड ६ घेतला. रोड ५पेक्षा ओल्या रस्त्यावर १५ टक्के जास्त पकड आणि १० टक्के जास्त आयुष्य, असं कंपनी म्हणते. आयुष्याचं मी मोजेनच. पुढचा टायर अजून २.८वर होता, दुकानदार स्वतःच म्हणाला, "राहू द्या की पुढचा, अजून चार हजार जाईल." जाईलही. पण पुढचा टायर ब्रेकिंगनं दोन्ही बाजूंना तिरपा झिजला होता, करवतीच्या दातांसारखा, हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं बोटांना लागत होता. आणि पाऊस दारात होता. दोन्ही बदलले. तारीख ४५२३, दोन्हींची.

नवा टायर बाहेरून चकचकीत असतो, ते वरचं कातडं जाईपर्यंत, पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर, जपून चालवावं लागतं. रविवारी पहाटे पन्हाळ्याला गेलो, एकटाच. वाघबीळपासून वरती प्रत्येक वळणाला गाडी आधीपेक्षा थोडी जास्त झुकवत गेलो. वर पोचल्यावर बघितलं, मधला पट्टा मळका झाला होता आणि कडांना अजून दोन्ही बाजूंना बोटभर नवी चमक शिल्लक होती, टायरचे बारीक केसही तसेच. म्हणून परत खाली उतरलो, आणि पुन्हा वर गेलो.